उरलेल्यातलं पहिलं

माणसाच्या बगलेतला पाव बघून पोटात गोळा येतो, असं कुणाला सांगितलं तर तो तोंडावर हसेल आणि पाठीमागं त्याहून जास्त हसेल. पण सोलांज झानेत्तीला तो आला. सकाळची वेळ होती. टेकडीवर जाणारी बस जिथून सुटते त्या चौकातलं पाववालीचं दुकान. बाहेर उत्तरेचा वारा असा सुटलेला की बायका डोक्यावरचे रुमाल दातात धरून चालत होत्या. सोलांजच्या पुढं एक पन्नाशी उलटलेला माणूस उभा होता. पाववालीनं लांब पाव त्याच्यापुढं धरला, तर त्यानं हात पुढं केला नाही, कोपर उचललं. तिनंही सवयीनं पाव त्याच्या बगलेत खुपसला, तापलेल्या पोराच्या काखेत तापमापक खुपसावा तसा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. माणूस दाराकडं वळला, सोलांजला बघून थबकला आणि एकदम ओळखीचं हसला.

"अहो बाई, तुम्ही त्या यंत्राच्या ना? मी अबाजियान. वार्तान अबाजियान. बंदरावरच्या माशांच्या कोठारात असतो. तुम्ही यंत्र बसवायला आलात तेव्हा दार धरून मीच उभा होतो. तुम्हाला कुठून आठवणार म्हणा."

"आठवतं की," सोलांज म्हणाली. तिला दार आठवत होतं.

"सगळा हिवाळा पहाटपाळी माझी. यंत्रच लावतं. मुकादम म्हणतो, वार्तान, तू यंत्राचा लाडका झालास, आमच्यापेक्षा त्यालाच जाऊन भेट."

"त्रास नाही होत? बर्फाच्या खोलीत, तेही पहाटे?"

"त्रास कुणाला नाही? ही बोटं तेवढी सकाळची मिटत नाहीत. ऊन चढलं की येतात ताळ्यावर." त्यानं उजवा हात वर करून दाखवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बोटं मधल्या सांध्यावर सुजलेली, टोकांशी पांढरी. "पण आधी मुकादम पाळ्या लावायचा तेव्हा काय व्हायचं? ज्यानं त्याला पाजली तो दुपारी यायचा. यंत्र कुणाची पीत नाही. ते बघतं, खाडे कोण करत नाही, मान खाली घालून काम कोण करतं, आणि त्याला उचलतं. मी बायकोला म्हटलं, इतकी वर्षं घासली, शेवटी कुणीतरी बघितलं बघ."

एवढं बोलून, पावाच्या टोकानं तिला नमस्कार केल्यासारखं करून, तो गेला. सोलांजनं पाव घेतला नाही. बस आली, ती चढली, खिडकीशी बसली. वस्ती संपून पांढरे खडक आणि पाइनची झाडं सुरू व्हायच्या आतच तिला ठाऊक झालं होतं की यंत्रानं कुणालाही बघितलेलं नाही. यंत्राला डोळे नव्हते. यंत्राकडं फक्त नावं होती, अक्षरांच्या क्रमानं लावलेली, आणि अबाजियान हे त्यातलं पहिलं नाव होतं.

ती आणि तिचा कामातला जोडीदार त्रिस्तां गेली कित्येक वर्षं टेकडीवरच्या विद्यापीठामागच्या दोन खोल्यांत एक भाषा घडवत होते. माणसांनी बोलायची नव्हे, यंत्राला सांगायची. इतर भाषांत यंत्राला चुलीपासून पानापर्यंत सगळं सांगावं लागतं: आधी हे कर, मग ते कर, नव्या सुनेला सांगावं तसं. यांच्या भाषेत फक्त अटी सांगायच्या. माणसं इतकी, तिखट नको, जेवण बाराला. कसं करायचं ते सून बघून घेईल. सोलांजचा बाप ज्या तिपदरी जाळ्यानं मासे धरायचा त्याचं नाव त्रामाय, तेच तिनं भाषेला दिलं होतं. एका पदरातून निसटलं ते दुसऱ्यात अडकतं. पाळ्यांचंही तसंच. अमक्याला उचलगाडी येत नाही, त्याचं नाव त्या जागेवरून गेलं. तमका काल रात्री होता, त्याचं सकाळवरून गेलं. कायद्यानं आठवड्यात इतक्याच पहाटपाळ्या, त्याहून जास्त नाहीत. अटी कात्रीसारख्या चालत जातात आणि जे बसत नाही ते गळून पडतं. पण सगळ्या अटी लावूनही बऱ्याच जागी एकाहून जास्त माणसं उरतात. तेव्हा कुणाला तरी घ्यावं लागतंच. कुणाला? तिथं यंत्र विचार करत नाही. उरलेल्यातलं पहिलं घेतं. जमलं तर पुढं जातं. अडलं तर मागं येऊन दुसरं धरतं, आणि एकदा टाकलेल्याकडं परत ढुंकून बघत नाही. तेवढी एक ओळ सोलांजनं लिहिली होती, भाजीत मीठ टाकावं तितक्या सहज. मीठ टाकताना कुणी विचार करतं का, की ते आधी कुणाच्या जिभेला लागणार आहे? आणि दर सोमवारी यंत्राची पाटी कोरी. मागच्या आठवड्यात कोण गारठलं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून दर आठवड्याला कायद्यात बसतील तितक्या सगळ्या पहाटा अबाजियानच्या. एकही अट मोडली नव्हती.

तिला हसू यायला हवं होतं. असल्या चुकांवर त्यांच्या धंद्यातली माणसं हसतात, जेवणाच्या टेबलावर एकमेकांना सांगतात. पण बसच्या काचेवर तिला बगलेतला पाव दिसत होता, आणि पावाच्या मागून, काही संबंध नसताना, एक खिडकी. लेस्ताक या कोळीवस्तीच्या चढावरच्या घराची, निळ्या झडपांची. त्या खिडकीतून तिची आई आस्सुंता हाक मारायची. तीन पोरं खाली धक्क्यावर खेळत असायची, सोलांज, लिवियो आणि नादेज. पण हाक एकच यायची. सो-लांज! डोंगराला आपटून परत यायची. पाणी भरायला सोलांज, नादेजचं नाक पुसायला सोलांज, बाप गुत्त्यात बसला की त्याला आणायला सोलांज. लिवियो दगड मारत राहायचा, नादेज तोंडात अंगठा घालून उभी, आणि सोलांज चढ चढून जायची. धापा टाकत, पण मान वर. शाळेत झानेत्ती म्हणजे झेड अक्षर, हजेरीत शेवटची. तिचं नाव येईपर्यंत मास्तरीणबाईंचा आवाज थकलेला असायचा. घरी मात्र पहिली. तिला वाटायचं, आईनं तिघांना तराजूत घालून बघितलं आणि हिला उचललं. हे वाटणं तिनं जन्मभर आतल्या खिशात जपलं. पुढं ग्रेनोबलचा एक माणूस तिच्याबरोबर घर मांडायला निघाला होता, भला होता, स्वयंपाकही करायचा. तो एकदा म्हणाला, तुझ्या आईला तीन मुलं आहेत ना? तेव्हा ती ताठ मानेनं म्हणाली होती, मुलं तीन असतील, हाक एकीलाच येते. तो ग्रेनोबलला एकटाच गेला. ती उरली. उरण्याचाही एक मान असतो असं तिला तेव्हा वाटलं होतं.

त्रिस्तां खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. हा मुलगा असा हुशार की चपला उलट्या घालून आला तरी कुणी बोलायचं नाही. सोलांजनं त्याला सकाळचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मग पडद्याकडं वळून त्यानं गेल्या आठवड्यांच्या पाळ्या काढल्या आणि शीळ घातली.

"छान. अबाजियान, अबाजियान, अबाजियान. चुकलं कुठं?"

"तुला दिसत नाही?"

"मला एकही अट मोडलेली दिसत नाही. सारख्या वाटा म्हणून कोठारवाल्यांनी कुठं सांगितलंय? मुकादमानं सांगितलं? त्यांच्या संघटनेनं?"

"कुणी सांगितलं नाही."

"मग! आपल्या भाषेचा सगळा तोरा कशावर आहे सोलांज? आपण आपलं मत घालत नाही. जे सांगितलं ते खरं, न सांगितलेलं आपल्याला माहीत नाही. आज तू न्याय घालशील, उद्या मी सौंदर्य घालतो."

"पहिलं घ्यायचं, हे कुणी सांगितलं होतं?"

त्रिस्तांनं पाय खाली घेतले. "कुठून तरी सुरुवात करावीच लागते."

"हो ना. मग ते मत नाही का? माझंच मत आहे ते. मी न बघता दिलेलं."

"हे बघ, येत्या आठवड्यात त्यांचा साहेब सही करणार आहे, बाकीच्या कोठारांसाठी. तो खूष आहे. आत्ता पाळ्या बदलल्या तर तो विचारेल, म्हणजे इतके दिवस चूक होत होती का? काय सांगशील? आणि मागच्या आठवड्यांची आठवण घालायची म्हणजे यंत्र जड होणार. आज चहा होईपर्यंत उत्तर येतं, मग जेवण होईपर्यंत येणार नाही."

"आठवण जडच असते."

"हे तू मला सांगतेस की स्वतःला?" त्रिस्तां म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता कॉफी आणायला गेला. त्याला माणसं कळायची नाहीत असं सगळे म्हणायचे. कधीकधी आंधळ्याचा दगडही बरोबर लागतो.

ती पडद्यासमोर बसून राहिली. ती एक ओळ समोर होती. बदलायला फार काही नव्हतं. जड होण्याचं तिला भय नव्हतं, साहेबाचंही नव्हतं. साहेब लोक आकड्यांना भितात, आणि आकडे तिच्या हातात होते. तिला अडवत होतं ते वेगळंच. ओळ बदलली की तो माणूस एके सोमवारी कागदावर स्वतःचं नाव दुपारच्या रकान्यात बघणार. त्याची बोटं वाचतील. पण यंत्रानं मला बघितलं, असं बायकोला सांगितलेलं त्याचं काय होणार? मेहरबानी करून एकाच्या अंगावरचं फाटकं काढून घ्यावं आणि खाली त्यानं काहीच घातलेलं नसावं, तसं. आणि त्याचं ते काढून घ्यायचं तर तिला आपल्या आतल्या खिशातही एकदा हात घालून बघावं लागणार होतं, की तिथं खरोखर काही आहे का.

तेवढ्यात फोन वाजला. या वेळेला फोन म्हणजे आई. म्हातारी बाई, खजूर निवडायच्या कारखान्यात उभ्यानं आयुष्य गेलेलं, अक्षरओळख नावापुरती, पण आवाज असा की तार नसती तरी ऐकू आला असता.

"नळ गळतोय."

"मम्मा, मी कामावर आहे."

"मग मी काय नाचते आहे? रात्रभर टिप टिप टिप. मेल्याला झोप नाही आणि मला पण नाही."

"लिवियो दोन गल्ल्या पलीकडं राहतो."

"लिवियोला सांगितलं तर तो आधी विचारेल कुठला नळ, मग विचारेल कधीपासून, मग सांगेल माझ्या पाठीत उसण भरलीय. तोवर नळाचा जीव जाईल."

"आणि नादेज?"

"ती रडेल. म्हणेल, मम्मा तू एकटी असतेस, माझ्या जिवाला लागतं. नळाला रडून काय होतं? पाणीच वाढतं."

सोलांजनं फोनची तार बोटाला गुंडाळली. विचारू नये ते विचारायची हीच वेळ असते. पुढं धीर राहत नाही. "मम्मा, पहिल्यापासून तू मलाच का हाक मारायचीस? तिघं खाली असायचो."

पलीकडं क्षणभर फक्त टिप टिप ऐकू आलं.

"हे काय विचारणं झालं?"

"सांग ना."

"तू सापडायचीस म्हणून. हाक मारली की तू यायचीस. सापडलं की पुढं कशाला शोधायचं? आम्ही खजूर निवडायचो तेव्हा काय सगळी रास चिवडत बसायचो? हाताला लागला, चांगला निघाला, टाकला पेटीत." मग जरा थांबून, "तुला वाटलं तरी काय होतं?"

"काही नाही," सोलांज म्हणाली. "संध्याकाळी येते."

"येताना पानिस आण, कोपऱ्यावरच्या बाईकडचे. दुसऱ्या बाईचे कच्चे असतात."

ती गेली. नळाला नवीन चकती घातली. दोघींनी हरभऱ्याच्या पिठाचे ते गरम काप मीठ भुरभुरून खाल्ले, आणि आईनं शेजारणीला नावं ठेवली. सोलांज ऐकत होती आणि आईच्या हातांकडं बघत होती. निवडून निवडून ती बोटंही वाकडी झाली होती, पण मिटत होती. तिला राग आला नव्हता. राग यायला कुणीतरी काहीतरी केलेलं असावं लागतं. इथं कुणीच काही केलं नव्हतं. एका जागी हात गेला, तिथं ती होती, आणि काम भागलं. इतकंच. इतक्या वर्षांच्या मानाची ही एवढीच ओळ.

दुसऱ्या दिवशी तिनं त्रिस्तांला न विचारता यंत्राला आठवण दिली. गेल्या आठवड्यांत ज्यानं जास्त पहाटा सोसल्या त्याचं नाव मागं जावं, ही एक अट. उत्तर जेवणानंतर आलं. त्रिस्तांनं कागद बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "साहेबाला तू सांग." तिनं सांगितलं. साहेबानं विचारलं, कायदा मोडला होता का? नव्हता. जास्त माणसं लागणार का? नाही. मग तो म्हणाला, तुमच्या घरातलं तुम्ही बघा, आणि सही केली. त्रिस्तांनं भिऊन ठेवलेलं असं फुकट गेलं.

सहीच्या दिवशी ती बंदरावर गेली होतीच, म्हणून कोठाराच्या दाराशी थांबली. पाळी बदलायची वेळ होती. दारातून पांढरी वाफ बाहेर येऊन उन्हात विरत होती. वार्तान अबाजियान आला तो जाड अंगरख्याची बटणं लावत, एकेक बटण दोन्ही हातांनी धरून. तिला बघून या वेळी तो आधीसारखा हसला नाही.

"बाई, यंत्राचं माझ्यावर काही बिनसलं का?"

"नाही हो."

"दुपारी लावलंय. पुढच्या आठवड्यातही दुपारी. मी एक खाडा केला नाही. मुकादम हसतो. म्हणतो, लाडक्याला टाकलं."

तिनं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण खोटी समजूत घालायची तिची जीभ नव्हती, हा झानेत्त्यांचा जुना दोष. "यंत्रानं तुम्हाला टाकलं नाही आणि निवडलंही नव्हतं. नावं अक्षरांच्या क्रमानं होती. तुमचं पहिलं. म्हणून प्रत्येक वेळी तुम्ही. माझ्याकडून राहिलं होतं, ते मी आता नीट केलं."

तो बटण धरून तसाच उभा राहिला. आत कुणीतरी उचलगाडी मागं घेत होतं, तिची घंटा वाजत होती.

"म्हणजे हजेरी," तो म्हणाला.

"हो."

"शाळेत मास्तरांनी फळ्याशी बोलावलं की पहिला मी. येत असो नसो. पलटणीत सुई टोचायला पहिला मी. माझं ओरडणं ऐकून बाकीचे सावध व्हायचे." तो हसला, पण तोंडानंच. "मला वाटलं, या खेपेला कुणी बघून घेतलं."

तो पुन्हा बटणाकडं वळला.

"तुम्ही सांगायला नको होतं बाई. दुपारी लावलं, बरं झालं, बोटांना बरंच आहे. मी घरी म्हटलं असतं, यंत्राला माझ्या हातांची दया आली." त्यानं शेवटचं बटण लावलं. "आता ते पण म्हणता येत नाही."

तो आत गेला. दार बंद झालं, वाफ तुटली. सोलांज थोडा वेळ तिथं उभी राहिली. आपण त्याचं भलं केलं की वाईट, याचं उत्तर तिच्या भाषेत निघत नव्हतं. त्यासाठी अटी कमी होत्या, की जास्त, तेही कळत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. तिनं अंगरखा काढला, खिडकी लावली, आणि फोन वाजला. तिनं हात पुढं केला आणि मग, का कोण जाणे, कोपराशीच थांबवला. वाजू दे. न सापडून तर बघू. हाताला नाही लागलं की हात पुढं जातो. दोन गल्ल्यांवर लिवियो आहे, शहराच्या त्या टोकाला नादेज आहे, रास मोठी आहे. फोन बराच वेळ वाजला आणि थांबला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की तिला स्वतःच्या पायांचा भार जाणवला. आता तिकडं वाजत असेल. नादेज उचलेल, रडेल, येईल. इतकी वर्षं हे इतकं सोपं होतं. तिनं खुर्ची ओढली, बसली, आणि मोकळं वाटायची वाट बघू लागली. मोकळं वाटलं नाही. धक्क्यावर उभी राहून ती वर खिडकीकडं बघत होती, आणि झडपा मिटलेल्या होत्या.

फोन पुन्हा वाजला.

एकदा टाकलेल्याकडं परत यायचं नाही, हा नियम तिनं स्वतः लिहिला होता. ती उठली आणि तिनं उचलला.

"कुठं उलथली होतीस?" आईचा आवाज.

"इथंच होते. तू नादेजला नाही लावलास?"

"लावला."

"मग? नव्हती घरी?"

"होती. हॅलो म्हणाली. मी ठेवून दिला." पलीकडं भांडं सरकल्याचा आवाज आला. "तू घातलेली ती चकती काही खरी नाही. परत गळतंय. येताना पक्कड आण."

तार गुंडाळायला म्हणून सोलांजनं बोटं मिटायला घेतली, आणि ती लगेच मिटेनात.